साक्षीचा तुकडा

१

चोरानं गणपती मात्र नेला नव्हता.

लोखंडी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं तो नीट चिकटवलेला होता. बुधवार पेठेत देवळासमोरच्या गाड्यांवर मिळतं तसलं दगडूशेठचं छोटं मॅग्नेट, आणि त्याच्याखाली दाबून ठेवलेली क्रमांकाची पट्टी. ज्या वस्तूची ती पट्टी होती, ती वस्तू जागेवर नव्हती. तेवढा फळीचा भाग रिकामा होता, आणि धुळीत एक चौकोन उमटलेला होता.

निशा पायगुडेनं कपाट उघडलं होतं. या कार्यालयाचं भांडार तीच सांभाळायची. तिनं आधी खालच्या फळ्या पाहिल्या, मग वरच्या, आणि मग संचालकांना हाक मारली. संचालक बद्रीनाथ आगाशे चष्मा पुसत आले, रिकाम्या चौकोनाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "दक्षता शाखेला कळवावं लागेल." त्यांच्या आवाजात राग नव्हता, घाईही नव्हती.

दुपारी कौशल्या गावंडे आल्या. मंडळाच्या दक्षता अधिकारी. मूळच्या अकोल्याच्या, पण पुण्यात इतकी वर्षं काढलेली की आता त्यांना 'तुम्ही नागपूरच्या का' असं विचारलं तरी त्या दुरुस्त करत नसत. सदाशिव पेठेतली ती इमारत त्यांच्या ओळखीची होती. तळमजल्यावर दातांचा दवाखाना, वर स्पर्धा परीक्षांचा क्लास आणि मधल्या मजल्यावर लघु अणुभट्टी परवाना मंडळाचं विभागीय कार्यालय. जिना चढणारी बहुतेक माणसं एक तर दाढ धरून असत, नाही तर पुस्तकं. मधल्या मजल्यावर काय चालतं याची चौकशी कुणी करत नसे.

चालायचं ते असं. मोठ्या अणुभट्ट्या जागेवर उभ्या राहतात. छोट्या कारखान्यात तयार होतात आणि ट्रेलरवरून जागेवर नेऊन बसवल्या जातात. म्हणून सरकारची नजर कारखान्यात हवी. भट्टीचं मुख्य भांडं वेल्ड करताना त्याच पत्र्याची, त्याच तारेनं, त्याच वेल्डरच्या हातची एक पट्टी वेगळी जोडून घेतात. तिचे दोन भाग करतात. एक प्रयोगशाळेत जाऊन तुटतो. दुसऱ्यावर मंडळाचा निरीक्षक आपला पोलादी शिक्का ठोकतो आणि तो मंडळाच्या कपाटात राहतो, भट्टी चालेल तितकी वर्षं. उद्या काही विपरीत घडलं तर भांड्याच्या वतीनं बोलायला कुणीतरी असावं म्हणून. त्याला सगळे 'साक्षी' म्हणत.

गेलेला साक्षी 'हिरण्य पॉवर' या कंपनीच्या भांड्याचा होता. ते भांडं चाकणजवळच्या कारखान्यात तयार होऊन पडलं होतं आणि खडकवासल्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी बसायचं होतं. प्रयोगशाळेतला अर्धा भाग उत्तम पास झाला होता. परवाना हातातोंडाशी आला होता. मात्र परवाना समितीच्या नव्या अध्यक्षांनी शुक्रवारी फर्मान काढलं, साक्षीचीही चाचणी करा. सोमवारी कपाट उघडलं तर साक्षी फरार.

"पास होणारी वस्तू चोरून कुणाला काय मिळणार?" आगाशे म्हणाले.

कौशल्याबाईंच्याही मनात नेमका तोच प्रश्न होता. फक्त तो आगाशेंनी इतक्या लवकर विचारावा, याची त्यांना थोडी गंमत वाटली.

२

"चावी कुठे असते?"

"एक सरांकडे. एक माझ्या ड्रॉवरमध्ये," निशा म्हणाली.

"ड्रॉवरला कुलूप?"

"त्याची चावी हरवलीय."

कौशल्याबाईंनी मान डोलावली. नोकरीत त्यांनी याहून भक्कम व्यवस्था क्वचितच पाहिल्या होत्या.

निशा तिशीच्या आतली, बोलायला स्पष्ट. महापालिकेत नव्यानं आलेल्या ज्या गावाच्या शिवेवर ही भट्टी बसायची, ते गाव तिचं. तिचे वडील सर्जेराव भट्टीविरोधी कृती समितीत होते. हे तिनं स्वतःच सांगितलं. "तुम्ही विचारणारच होता, म्हणून म्हटलं."

"मग तुला इथे काम करायला अडचण वाटत नाही?"

"वाटते ना. घरी वडील बोलत नाहीत, इथे कुणी माझ्यासमोर बोलत नाही. शांतता भरपूर मिळते."

कपाटात आणखी आठ-दहा तुकडे होते. अर्ध्या विटेएवढे, जड, प्रत्येकावर एकेक देव. कुठे खंडोबा, कुठे ज्योतिबा, कुठे तुळजाभवानी.

"हे काय?"

"मॅग्नेट. डिंकाची लेबलं पावसाळ्यात गळून पडायची. मग मी क्रमांकाची पट्टी मॅग्नेटखाली लावायला लागले. देवामुळे तुकडा शोधायलाही सोपा जातो. आगाशे सरांना आवडलं नाही, पण त्यांनी काढायलाही सांगितलं नाही. देव आहेत ना." निशा जराशी हसली. "या गणपतीनंच तेवढा त्रास दिला. आधी बसायचाच नाही, घसरायचा. सुतळीनं बांधून ठेवला होता. नंतर बसला. म्हटलं, आलं देवाच्या मनात."

"तुकडा शेवटचा कधी पाहिलास?"

"शुक्रवारी. ऑर्डर आली तेव्हा शुभंकर सरांना दाखवला. ते म्हणाले, सोमवारी पाठवू."

शुभंकर देवस्थळी हा निरीक्षक. तुकड्यावरचा शिक्का त्याचा होता. तो समोर बसला तेव्हा त्यानं हात टेबलाखाली ठेवले आणि ते शेवटपर्यंत वर आणले नाहीत.

"तुकडा गेला तर पुढे काय होतं?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"नियमात आहे. साक्षी हरवला तर प्रत्यक्ष भांड्याच्या जोडातून नवा तुकडा कापायचा. मंडळाच्या समोर."

"म्हणजे तयार भांडं कापायचं?"

"हो. मग पुन्हा जोडायचं, पुन्हा सगळ्या चाचण्या. काही महिने जातात." तो थांबला. "आजवर कुणावर ती वेळ आलेली नाही."

"तुम्हाला काय वाटतं, कुणी नेला असेल?"

"मला वाटण्याला काय अर्थ आहे," शुभंकर म्हणाला. "शिक्का माझा आहे. आधी माझंच नाव येणार."

३

दुसऱ्या दिवशी 'हिरण्य'चे गुणवत्ता प्रमुख विश्वजीत रणपिसे स्वतःच कार्यालयात येऊन बसले होते. उंच, चुणचुणीत, बोलताना समोरच्याचं नाव दर वाक्यात घेणारे. आगाशेंच्या खोलीत चहा झालेला दिसत होता.

"कौशल्यामॅडम, सरळ बोलतो. यात मेलं कोण, तर आम्ही. तुकडा पास होणार होता. आता भांडं कापा म्हणतील. माझी माणसं वर्षभर त्याच्यावर राबलीयेत, मॅडम. आणि कुणाला हवं होतं हे थांबायला? ते सगळ्या गावाला माहितेय."

"गावाचं नाव आपण इथे घेऊ नये, रणपिसे," आगाशे शांतपणे म्हणाले. "मुलगी आमच्याकडे आहे." मग कौशल्याबाईंकडे वळून ते म्हणाले, "चोरी झाली याची जबाबदारी माझी. ती मी लेखी घेतो. पण प्रयोगशाळेचा निकाल आपल्याकडे आहेच. भांडं कापण्याच्या नियमातून एकदा सूट द्यावी, अशी शिफारस मी अध्यक्षांना करणार आहे. आपलं काय मत?"

"माझं अजून मत झालेलं नाही."

"अवश्य, वेळ घ्या. माझ्या हातात तेवढा वेळ नाही. या महिन्याअखेर मी निवृत्त होतोय." आगाशे पहिल्यांदाच किंचित हसले. "अडतीस वर्षं नोकरी केली. कोळशाची राख पाहिली, धरणांत गेलेली गावं पाहिली. ही एक गोष्ट अशी आहे, की धूर नाही, गाव उठत नाही, आणि वीज रात्रंदिवस. पहिला परवाना माझ्या सहीनं निघावा, एवढी इच्छा होती."

ते खरं बोलत होते. कौशल्याबाईंना लोक खोटं बोलले की सवयीनं कळायचं, आणि इथे तसं काही जाणवलं नाही. म्हणूनच त्या जिना उतरताना जरा अस्वस्थ होत्या.

४

सर्जेराव पायगुडे गोठ्यात होते. मागे त्यांच्या पुतण्यांनी बांधलेली सात मजली इमारत उभी होती, तिच्या सावलीत म्हशी रवंथ करत होत्या.

"तुमी निशीच्या हापिसातल्या का? बसा." त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "पोरीवर आळ घ्यायला आलाय आसं ऐकलं."

"विचारायला आलेय."

"मग इचारा."

"तुकडा गेला तर भट्टीचं काम थांबेल, हे तुम्हाला माहीत होतं?"

सर्जेरावांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "थांबंल? लोखंडाच्या एका तुकड्यापायी?" त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटत गेलं. आनंद नव्हे, हळहळ. "आन् ही कार्टी ते कपाट संभाळत हुती, आन् बापाला बोलली न्हाई कवा."

"तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"आमी हापिसाचं बोलतच न्हाई. तिनं तवाच सांगितलं हुतं, माझ्या कामाचं घरी इचारायचं न्हाई. इमानी हाय पोर. आमच्या काय उपेगाची न्हाई." त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "मला इजेचं वाकडं न्हाई, बाई. धरणाचं पानी सगळं पुनं पितंय. त्या भांड्याला काय झालं तर कोन सांगनार आमाला? तुमीच ना? मग तुमचंच कपाट फुटतंय, तर आमी कुनाच्या तोंडाकडं बघायचं?"

चहा घेऊन कौशल्याबाई निघाल्या. एवढं मात्र नक्की झालं होतं, की चोरीचा ज्यांना सर्वांत जास्त फायदा, त्यांना तो फायदा आहे हेच ठाऊक नव्हतं.

५

कारखान्यात ते भांडं आडवं ठेवलेलं होतं. कौशल्याबाईंनी काहीतरी राक्षसी कल्पिलं होतं. प्रत्यक्षात ते एसटीच्या गाडीएवढं, आणि विलक्षण देखणं होतं. आपलाच चेहरा त्यात अंधुक लांबट दिसत होता.

विश्वजीत रणपिसे आपल्या राज्यात खुलले होते. "मॅडम, या पोलादाचा नखाएवढा तुकडाही हिशेबाबाहेर जात नाही. पत्रा आला तेव्हाचं वजन, कापलेला चुरा, उरलेल्या पट्ट्या, सगळ्यांना नंबर. तुमच्याच मंडळाचा नियम. माझी पोरं वैतागतात. पण मी म्हणतो, चांगलंय."

"म्हणजे कुणाला यातला एखादा जास्तीचा तुकडा हवा असेल तर?"

"मलासुद्धा मिळणार नाही."

दोन फिटर भांड्यावर एक मोठा नकाशा लावत होते. एकजण धरून उभा होता, दुसरा चिकटपट्टीचे लांब तुकडे दातानं तोडत होता. पलीकडच्या क्रेनच्या खांबावर मात्र तसलेच नकाशे गोल काळ्या मॅग्नेटनी लावलेले होते.

"यांना मॅग्नेट का नाही देत?" कौशल्याबाईंनी सहज विचारलं.

"या भांड्याला?" रणपिसे हसले. "मॅडम, हे स्टेनलेस आहे, त्यातही वरच्या प्रतीचं. याला लोहचुंबक धरत नाही. घसरून खाली..."

त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण आता ते कुणीतरी विसरून गेल्यासारखं दिसत होतं. कौशल्याबाईंनी भांड्याकडेच पाहत, "असं होय," म्हटलं, आणि कँटीनमध्ये जेवण काय असतं ते विचारलं.

६

"निशा, गणपती कधी बसला?"

निशाला आधी प्रश्नच कळला नाही. मग ती आठवू लागली. "दिवाळीच्या सुट्टीनंतर. भांडार आवरायला काढलं होतं. सुतळी काळी पडलेली, म्हणून सोडली आणि उगाच लावून पाहिला. तर टक्कन बसला."

"त्याआधी सुतळी तू सोडली नव्हतीस?"

"नाही. पण गाठ माझी नव्हती, असं वाटलं खरं. मी दुहेरी मारते." तिनं कौशल्याबाईंकडे पाहिलं. "का हो मॅडम?"

कौशल्याबाईंनी मनात हिशेब जुळवला. ज्या पोलादाला मॅग्नेट धरत नाही, त्याचा तुकडा दिवाळीपूर्वी कपाटात होता. दिवाळीनंतर तिथे होता तो साध्या पोलादाचा, वरून चकाकी दिलेला. त्याच मापाचा, तसाच शिक्का असलेला. म्हणजे गुन्हा सोमवारी झालेलाच नव्हता. तो केव्हाच होऊन गेला होता आणि सगळे चुकीच्या चोरीमागे धावत होते.

बदलणारानं खऱ्या जातीचं पोलाद का वापरलं नाही, हे रणपिसेंनीच सांगून टाकलं होतं. त्यांनाही ते मिळालं नसतं.

मग सोमवारचा चोर कोण? पहिला विचार साहजिक होता. ज्यानं बदलला त्यानंच चाचणीच्या भीतीनं खोटा तुकडा नाहीसा केला. पण तो विचार टिकेना. तुकडा हरवला की भांडं कापावं लागतं, हे जाणणारा माणूस तुकडा गायब कशाला करेल? ज्यानं एकदा बदलला तो पुन्हा एकदा बदलेल. भांडं कापलं जावं, अशी इच्छा फक्त एकाच प्रकारच्या माणसाची असू शकते. ज्याला तुकडा खोटा आहे हे कळलंय, आणि तसं म्हणायची ज्याला सोय नाही.

तिसऱ्या प्रहरी शुभंकर खाली स्कूटर काढत होता. कौशल्याबाई त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"डिकीत आहे, की घरी?"

शुभंकरनं स्कूटर पुन्हा स्टँडवर घेतली. दातांच्या दवाखान्यातून कुणीतरी गाल धरून बाहेर आलं आणि त्यांच्यामधून वाट काढत गेलं.

"डिकीत," तो म्हणाला. "घरी ठेवायचा धीर झाला नाही."

टॉवेलात गुंडाळलेला तुकडा त्यानं त्यांच्या हातात दिला. शिक्का स्पष्ट होता.

"शुक्रवारी निशानं दाखवला तेव्हा गणपती त्याच्यावर बसलेला पाहिला. मला आधी काही वाटलं नाही. जिना उतरताना पाय थांबले. संध्याकाळी परत वर गेलो, मॅग्नेट काढलं, पुन्हा लावलं. चारदा लावलं."

"कळवलं का नाहीत?"

"कुणाला? आगाशे सरांना?" तो कोरडं हसला. "शिक्का माझा, मॅडम. चाचणी झाली असती तर खोटं पोलाद निघालं असतं, मी निलंबित झालो असतो आणि बाकी सगळं तिथंच मिटलं असतं. देवस्थळीनं घोटाळा केला, प्रयोगशाळेचा निकाल चांगला आहे, द्या परवाना. तुकडाच नसला तर भांडं कापावं लागतं. भांडं खोटं बोलणार नाही."

"दिवाळीत तुमचा शिक्का कुठे होता?"

"माझ्या लग्नाच्या तयारीसाठी रजेवर होतो. रजेवर जाताना शिक्का संचालकांच्या तिजोरीत ठेवावा लागतो." त्यानं मान खाली घातली. "माझ्याही ते लक्षात आलं होतं. पण सर मला मुलासारखं वागवतात. लग्नाला सगळ्यात आधी येऊन बसले होते."

७

आगाशेंनी टॉवेल उघडून तुकडा पाहिला. हातात घेतला नाही. कौशल्याबाईंनी निशाकडून मागून आणलेलं मॅग्नेट त्यावर ठेवलं, ते चिकटलं. खोलीत तेवढाच आवाज झाला.

"हे मला माहीत नव्हतं," आगाशे म्हणाले. "लोहचुंबकाचं. मी प्रशासनातून आलेला माणूस."

"रणपिसेंना माहीत होतं."

"त्यांना वाटलं असेल, कपाटातल्या तुकड्याला कोण मॅग्नेट लावायला जातंय." त्यांनी चष्मा काढला. "कौशल्याबाई, आपण बसा. रणपिसे दिवाळीच्या आधी आले. या भांड्याला वापरलेल्या वेल्डिंगच्या तारेनं केलेल्या दुसऱ्या एका कामात बारीक तडे निघाले होते. ते घाबरले होते. म्हणाले, साक्षी एकदा बघू द्या. याच टेबलावर त्यांनी लाल रंग लावला, पुसला, पांढरी पावडर मारली. तड्यात शिरलेला रंग वर आला, लाल रेघ उमटली. केसाएवढी."

"आणि?"

"प्रयोगशाळेतला भाग पास झालेला. म्हणजे जोडाचा एक भाग चांगला, एक वाईट. भांड्यात काय असेल, कुणास ठाऊक. कदाचित काहीच नसेल. रणपिसे म्हणाले, भांडं बसवल्यावर पहिल्या तपासणीत सापडेलच, तेव्हा दुरुस्त करू. मला ते पटलं." ते थांबले. "पटवून घेतलं म्हणा. आत्ता तडा म्हटलं असतं, तर भट्टीच गेली असती. लोक म्हणाले असते, बघा, पहिलंच भांडं फुटकं. पुन्हा वीस वर्षं कुणी नाव काढलं नसतं."

"शिक्का तुम्ही ठोकलात?"

"हो. पहिल्यांदा वाकडा बसला. घासून पुन्हा मारला."

"देवस्थळी गेला असता."

आगाशेंनी खिडकीबाहेर पाहिलं. वरच्या क्लासमधून पोरांचा घोळका जिन्यानं उतरत होता.

"साक्षी कधी चाचणीला जाईल असं वाटलंच नव्हतं," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात हे एवढंच कारण होतं, आणि ते कारण म्हणून पुरत नाही हे त्यांनाही समजत होतं. "पैसे घेतले नाहीत मी. हे आपण लिहाल ना?"

"लिहीन. पण सर्जेराव पायगुडे खडकवासल्याचंच पाणी पितात, आणि तुम्हीही. पैसे घेतले असते तर निदान मला कळायला सोपं गेलं असतं."

८

आगाशेंना निवृत्तीच्या आठवडाभर आधी निलंबित करण्यात आलं. रणपिसेंवर गुन्हा दाखल झाला. खरा साक्षी त्यांच्या कारखान्यातल्या बंद लॉकरमध्ये मिळाला. फेकून द्यायचा धीर त्यांनाही झाला नव्हता. नंबर टाकलेल्या पोलादाची सवय अशी असते.

शुभंकरनं एकदाच विचारलं होतं, "माझं नाव लिहिणार?"

"लिहिणार. सरकारी साक्षी तुम्ही डिकीत घालून नेलात."

"बरोबर आहे," तो म्हणाला. त्याचीही चौकशी लागली आणि तो घरी बसला.

भांडं कापायच्या दिवशी कौशल्याबाई मंडळातर्फे हजर होत्या. निशाही आली होती, नवा तुकडा ताब्यात घ्यायला. तिनं येताना वडिलांनाही आणलं होतं. परवाना समितीनं गावातला एक माणूस बोलावला होता, आणि गावानं सर्जेरावांचं नाव दिलं. बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते, पण एकाच स्कूटरवरून आले होते.

कटरची चाकं फिरली. भांड्याला वर्षभर हात लावलेली माणसं कडेला रांगेनं उभी होती. तुकडा निघाला, त्यावर लाल रंग लागला, पुसला गेला, पावडर मारली गेली. सर्जेराव सगळ्यांच्या पुढे जाऊन वाकले.

रेघ उमटली. लांब नव्हती, पण एकटीही नव्हती.

रांगेतला एक वेल्डर हातमोजे काढून बाहेर निघून गेला. सर्जेराव सरळ झाले. "दिसलं," एवढंच म्हणाले, आणि निशाच्या हातातली पेटी त्यांनी स्वतःकडे घेतली, कारण ती जड होती.

कौशल्याबाईंनी बाहेर येऊन फोन लावला. शुभंकरनं लगेच उचलला.

"तडा निघाला," त्या म्हणाल्या.

त्यानं विचारलं, "खोल किती?"

त्यांनी सांगितलं. तो मनातल्या मनात काहीतरी मांडत असावा.

"तेवढा जोड पूर्ण काढावा लागेल. नवी तार, नवा वेल्डर. आठ-नऊ महिने." त्याचा आवाज आता निरीक्षकाचा होता. "पण होईल, मॅडम. भांडं वाचेल. त्यांना सांगा, कडेला दोन्ही बाजूंनी बोटभर जास्त घ्या. तडा दिसतो तिथे संपत नसतो."

"तुम्हीच सांगा," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी फोन फोरमनच्या हातात दिला.